आपले जगणे काय सांगते?

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात एकोडी नावाचे गाव आहे. हा सारा मुलूख धानाचा आणि तलावांचा. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की बांध्यांमधून गुडघाभर चिखलात वाकलेली माणसे दिसतात, आणि बोडीचे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत मुकाट्याने उतरत असते. अशाच दिवसांत एका परिचितांकडे जाण्याच्या निमित्ताने आमचे त्या बाजूला जाणे झाले. सावलीला बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने आमच्या गळ्यातील क्रूस पाहिला आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, त्याच्या तरुणपणी या भागात एक नर्सबाई नोकरीला होती, तिच्याही गळ्यात असाच क्रूस असे. रात्री-अपरात्री बोलावले तरी ती कंदील घेऊन निघे. त्याच्या बायकोचे पहिले बाळंतपण अडले, तेव्हा भर पावसात ती चिखल तुडवीत आली आणि पहाटेपर्यंत उशाशी बसून राहिली. आम्ही तिचे नाव विचारले. म्हातारा ओशाळून हसला. "नाव काई याद नाई जी, पन बाई मोठी मायेची होती."

परतीच्या वाटेवर आमच्यासोबतचे एक गृहस्थ म्हणाले, "एवढी सेवा केली, पण त्या घरात कुणी ख्रिस्ती झाले का? नाही. मग साक्ष ती कसली?" त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, खरीखुरी खंत होती. तो प्रश्न आम्ही सोबत घेऊनच घरी आलो. खरोखर, त्या बाईचे जगणे साक्ष या दृष्टीने व्यर्थ गेले काय? आणि आपण धर्मग्रामातील सामान्य कुटुंबे, ज्यांना ना व्यासपीठ ना प्रवचन, ते आपल्या जगण्यातून शेजाऱ्याला नेमके काय सांगत असतो?

या विषयावर प्रभू येशूने दिलेल्या दोन आज्ञा वरवर पाहता एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात तो आपल्या शिष्यांना जगाचा प्रकाश म्हणतो आणि लोकांनी त्यांची सत्कर्मे पाहावीत असे सांगतो. त्याच प्रवचनात, लगेच पुढच्या अध्यायात, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, डाव्या हाताला उजव्या हाताचे दान कळू देऊ नका, असे बजावतो. मग कर्म दिसू द्यावे की लपवावे? थोडा विचार केला तर विरोध मावळतो. पहिल्या आज्ञेत पाहणाऱ्याची नजर कर्त्यावर थांबत नाही. ती पुढे पित्याकडे जाते. दुसऱ्या आज्ञेत ज्याला दोष दिला आहे, तो स्वतःकडेच पाहत असतो. दिवा घरातल्यांसाठी जळतो. आपला उजेड किती पडला हे तो वळून पाहत नाही. त्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे नीतिमान माणसे चकित होऊन विचारतात की, प्रभू, आम्ही तुला भुकेलेला, तहानलेला केव्हा पाहिले? त्यांना ठाऊकच नव्हते. आमच्या मते खऱ्या साक्षीची हीच पहिली खूण आहे: देणाऱ्याला आपण साक्ष देत आहोत याचे भान नसते, त्याला फक्त समोरचा माणूस दिसत असतो.

ही गोष्ट पुस्तकी नाही. आपल्या या भागाला तिचा एक जुना आणि वेदनादायक संदर्भ आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९५४ साली त्या सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे यांचा उपयोग धर्मांतराचे साधन म्हणून केला जातो, असा ठपका त्यात होता. ख्रिस्ती समाजाने तो अहवाल एकांगी म्हणून नाकारला, आणि त्यासाठी त्याच्यापाशी सबळ कारणे होती. परंतु आरोप नाकारणे ही एक गोष्ट आणि आरोपाच्या निमित्ताने स्वतःला तपासणे ही दुसरी गोष्ट. पहिली आपण पुष्कळदा केली आहे. दुसरी किती वेळा केली?

समजा, एखाद्याने रोग्याला औषध दिले आणि मनात हिशेब ठेवला की, हा उद्या आपल्या बाजूला येईल. औषध तेच, हातही तोच. तरीही काहीतरी बिघडले आहे. काय बिघडले? त्या क्षणी रोगी हा रोगी उरला नाही, तो आपल्या हेतूचे साधन झाला. मासा खाऊन तृप्त व्हावा म्हणून कोणी गळाला आमिष लावीत नाही. प्रेमाचे आमिष केले की ते प्रेम राहत नाही, आणि मग त्यातून जो देव पोहोचतो तो क्रुसावर स्वतःला विनामोबदला देणारा देव नसतो. म्हणजे असे करणारा माणूस श्रद्धा पसरवीत नाही, तो तिच्याविषयी खोटी साक्ष देतो. ख्रिस्तसभेने हे स्पष्ट शब्दांत मांडले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयी जाहीरनामा काढला. श्रद्धेचा प्रसार करताना सक्तीचा किंवा गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत अप्रामाणिक मनधरणीचा वासही येता कामा नये, अशी त्याची भूमिका आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात म्हटले की, प्रेमाची सेवा ही दुसरे काही साध्य करण्यासाठी नसते. ती विनामूल्य असते.

एकोडीच्या म्हाताऱ्याने सांगितलेली बाई आम्हांला इथे पुन्हा आठवते. तिला गळ नव्हता. तिने त्या रात्री एक बाळंतीण पाहिली आणि पहाटेपर्यंत तिच्या उशाशी बसली. हिशेब नव्हता, म्हणून हिशेबात तूटही नव्हती.

यावर कोणी म्हणेल, मग बोलूच नये काय? गांधीजी मिशनऱ्यांना गुलाबाचे उदाहरण देत. गुलाब प्रवचन करीत नाही, त्याचा सुगंधच लोकांना ओढून आणतो, असे त्यांचे म्हणणे. दृष्टान्त सुंदर आहे आणि त्यातला इशारा आपण मनावर घेतला पाहिजे. पण माणूस गुलाबाहून थोडा वेगळा आहे. तो वास घेतो आणि विचारतो, हा कुठून आला? पोप सहावे पॉल यांनी ८ डिसेंबर १९७५ रोजी सुवार्ताप्रसाराविषयी जे प्रबोधनपत्र दिले, त्यात या दोन्ही गोष्टींना जागा आहे. आजचा माणूस उपदेशकापेक्षा साक्षीदाराचे अधिक ऐकतो, असे त्यांनी म्हटले. निःशब्द साक्षीने पाहणाऱ्यांच्या मनात प्रश्न उभे राहतात, असेही म्हटले. आणि त्याच ओघात असे सांगितले की, त्या प्रश्नाला कधीतरी शब्दांचे उत्तर मिळाले नाही तर साक्ष अपुरी राहते. संत पेत्राच्या पहिल्या पत्रातही हाच क्रम आहे: कोणी तुमच्या आशेचे कारण विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. आधी जगणे, मग समोरच्याचा प्रश्न, मग आपला शब्द. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो. कोणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी तयार असतात, आणि विचारावेसे वाटेल असे जगणे मात्र नसते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एक तरुण मराठी कवी बसला होता. ती वाट त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यातूनच जाते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. तो या अनोळखी ब्राह्मणाशी मोकळेपणाने आणि आदराने बोलला, त्याची मते ऐकून घेतली आणि निघताना नव्या कराराची एक प्रत देऊन वाचण्याचे वचन घेतले. वाचणाऱ्याला आधी पुस्तकाची गोडी नव्हती. दिलेल्या शब्दाखातर त्याने ते उघडले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी तो थबकला. हा कवी म्हणजे नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे, तरी मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठी त्यांची गीते आजही आहेत. डब्यातला तो प्रवासी चार शब्द बोलून गेला, पण त्या शब्दांना वाट करून दिली ती त्याच्या वागण्याने. तुच्छतेने दिलेले पुस्तक बहुधा खिडकीबाहेर गेले असते.

लक्ष्मीबाई टिळकांची कथा याहून बोलकी आहे. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या, मग परत आल्या, ख्रिस्ती माणसे जवळून पाहिली, जातीच्या बंधनाशी स्वतःच्या मनात झगडल्या आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले त्यांना ठाऊक आहे की, टिळकांचा तापटपणा, त्यांचा लहरीपणा, घरात पैसा न टिकणे, काहीच त्यांनी झाकलेले नाही. म्हणजे ज्या जीवनातून त्यांच्यापर्यंत श्रद्धा पोहोचली ते निर्दोष नव्हते. ही आपल्यासाठी दिलाशाची गोष्ट आहे. साक्ष देण्यासाठी आधी संत व्हावे लागत नाही. पण जे आहोत ते न लपवता, पुन्हा पुन्हा ख्रिस्ताकडे वळत जगावे लागते. दोष असलेला माणूस साक्षीदार होऊ शकतो, ढोंगी माणूस होऊ शकत नाही.

आणि इथेच आपल्याला नजर खाली घालावी लागते. कारण जगणे सदासर्वदा बोलत असते. आपण गप्प बसायचे ठरवले म्हणून ते गप्प बसत नाही. रविवारी मिस्साबलिदानात शांतीचा हात देणारे आपण, सोमवारी भांडी घासणाऱ्या बाईचा दिवस कापतो, तेव्हा तीही आपले शुभवर्तमान वाचते. लग्नात कर्ज काढून मांडव सजवतो, सणाच्या रात्री दारूच्या बाटल्या रिचवतो, शेताच्या धुऱ्यावरून सख्ख्या भावाशी कोर्टात उभे राहतो, तेव्हा शेजारी पाहत असतो. जातीच्या बाबतीत तर पांघरूण घालायला जागाच नाही. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित ख्रिस्ती बांधवांविषयी धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेच्या अंगणातच भेदभाव चालतो याची कबुली दिली. ज्या जिल्ह्यांतून हजारो माणसे १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठोपाठ समतेच्या शोधात बौद्ध धम्मात गेली, तिथे आपल्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांना हा विसंवाद दिसल्यावाचून कसा राहील? आपली सर्वांत मोठी अडचण आपले विरोधक ही नाही. आपले जगणे आणि आपला शब्द यांच्यातली फट ही आहे.

तरीही ती फट भरून काढणारी माणसे आपल्यातूनच निघतात. भंडाऱ्याच्या उत्तरेला लागून मध्य प्रदेश आहे. त्या राज्यातील देवास जिल्ह्यात, उदयनगर भागात, सिस्टर राणी मारिया ही केरळातून आलेली धर्मभगिनी सावकारांच्या पाशातील शेतकऱ्यांना संघटित करीत असे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रवासी बसमध्ये तिला भोसकून ठार मारण्यात आले. तिच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल हिने, २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी त्या कुटुंबाने संमती दिली आणि २००६ साली तो सुटला. त्याला पश्चात्ताप झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियाला धन्यवादित घोषित करण्यात आले. क्षमेवरची शंभर प्रवचने जे सांगणार नाहीत, ते त्या एका राखीने सांगितले. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जगाला दाखवण्यासाठी कोणी बहिणीच्या मारेकऱ्याला भाऊ करीत नाही. ते जगाने पाहिले, कारण ते खरे होते.

आता आमच्या सोबत्यांच्या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. त्या घरात कुणी ख्रिस्ती झाले नाही, मग साक्ष ती कसली? आम्हांला वाटते, साक्षीदाराचे काम सत्य सांगणे हे आहे. ऐकणाऱ्याने काय निर्णय द्यावा हे त्याच्या हाती नसते. श्रद्धा हे देवाचे दान आहे आणि ते स्वीकारणे हा माणसाचा स्वतंत्र निर्णय. त्या नर्सबाईने सत्य सांगितले: देव रात्री-अपरात्री, चिखल तुडवीत, बोलावणाऱ्याच्या दारी येतो. एक म्हातारा कित्येक वर्षांनंतरही ते विसरलेला नाही. तो तिचे नाव विसरला आणि गळ्यातला क्रूस मात्र त्याला आठवतो. याहून अधिक शुद्ध साक्ष कोणती असू शकेल?

म्हणून आपण प्रत्येक कुटुंबाने आपल्या मनाला दोन प्रश्न विचारावेत. हे कोणीच पाहिले नाही तरी आपण करू का? आणि ज्याच्यासाठी करतो तो कधीही आपला झाला नाही तरी करू का? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर आपले जगणे बोलते आहे असे समजावे. मग कोणी सावलीत बसून हळूच विचारील की, तुम्ही असे का वागता जी? त्या वेळी उत्तर द्यायला आपण तयार असावे, सौम्यतेने आणि आदराने. तोवर बोडीचे पाणी जसे खालच्या बांधीत उतरते, बांधी कुणाची आहे हे न विचारता, तसे आपणही उतरत राहावे.