किती लांब जायचे, हे आधी ठरवावे

विजेची गाडी घ्यावी का, असे सांगलीजवळच्या आमच्या समडोळीच्या बाजूला आता बरेच जण विचारतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका चार्जिंगला किती जाते? आमच्या दारात अशी मोटार आणि एक स्कूटर आहे, म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी त्यांना उलट विचारतो, तुम्हाला जायचे किती लांब आहे? यावर बहुतेक जण गप्प होतात, कारण हे कोणी मोजलेलेच नसते.

आमच्या जैन घरात हा प्रश्न फार जुना आहे. १९२४ साली शांतिसागर महाराजांना आचार्यपद मिळाले ते समडोळीत. भोजचे हे शेतकरी घराण्यातले साधू सम्मेद शिखरजीपर्यंत आणि दिल्लीपर्यंत पायी गेले. दिगंबर मुनीला वाहन वर्ज्य. चालतानाही चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचे, पायाखाली जीव जाऊ द्यायचा नाही, ही ईर्या समिती. आम्हा गृहस्थांना हे जमणारे नाही. पण श्रावकाच्या बारा व्रतांत आमच्यासाठीही प्रवासाचा एक नियम आहे, तो म्हणजे दिग्व्रत. दाही दिशांना आपली सीमा आखायची आणि ती ओलांडायची नाही. सीमा कशाने आखावी, हेही समंतभद्र आचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सांगून ठेवले आहे: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश किंवा योजनांचे अंतर. त्या रेषेपलीकडे आपल्या हातून काही घडतच नाही, म्हणून तिकडच्या जीवांना आपल्यापासून अभय मिळते.

माझे वडील चातुर्मासात अशी सीमा घालून घेत. उत्तरेला कऱ्हाड, पूर्वेला मिरज, दक्षिणेला कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर, पश्चिमेला वारणेचे खोरे. बी-बियाणे, बाजार, पाहुणे आणि देव हे सगळे या चौकटीत बसत असे. त्यांना काही कमी पडले, असे मला कधी दिसले नाही.

गाडी पुरते का, हे मी याच रीतीने तपासतो. आमचा दिवस म्हणजे सकाळी दूध घालणे, मग मळा, अधूनमधून सांगलीचे मार्केट यार्ड, कधी मिरजेचा दवाखाना. दिवसाला पन्नास किलोमीटरसुद्धा होत नाहीत. लहान मोटारीची बॅटरी साधारण तीस युनिटची असते. कागदावर आकडा कितीही मोठा असो, आपल्या रस्त्यांवर, एसी लावून, चार माणसे बसवून दोनशे किलोमीटर धरावेत. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ती रात्रभरात भरते. स्कूटरला तीन युनिट लागतात आणि ती ऐंशी-नव्वद किलोमीटर जाते. ज्याचा दिवस असा आहे आणि ज्याच्या दारात स्वतःचे सॉकेट आहे, त्याला विजेची गाडी पुरून उरते.

मुलगी साताऱ्याला दिली आहे. आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड, उंब्रज असे सुमारे सव्वाशे किलोमीटर. एका चार्जिंगला मोटार तिथे पोचते, पण भरल्याशिवाय परत येत नाही. ती मुलीच्या अंगणात भरते, तोवर आम्ही मुक्काम करतो. पूर्वी जेवून लगेच निघत असू. आता रात्री नातवंडांशी बोलणे होते. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना बॅटरी भराभर उतरते आणि उतरताना थोडी परत भरते, हेही आता सवयीचे झाले. महामार्गावर जलद चार्जरला लावली, तर पाऊण तास ते तास थांबावे लागते. सामायिकाची वेळ दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. एवढा वेळ स्वस्थ बसणे हे आमच्या धर्मात गृहस्थाचे नित्यकर्म आहे, तेव्हा मला ते ओझे वाटत नाही.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्वतः घेतले तरच ते व्रत. दुसऱ्यावर लादले, की ती अडवणूक होते. तासगावची द्राक्षे रात्रीत वाशीच्या बाजारात पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याने कुठे सीमा आखायची? त्याच्या पोटाची सीमा बाजार ठरवतो. सांगलीत विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या शिक्षिकेने वायर कुठून सोडायची? रस्त्यातला चार्जर बंद निघाला, पुढच्यावर रांग असली आणि गाडीत आजारी माणूस असले, तर अशा वेळी संयमाचा उपदेश करणे हे पाप आहे. ज्यांच्या दारात अंगण आहे अशा आम्हा लोकांनी आपली सोय हीच सगळ्यांची गरज समजू नये. आज ही गाडी घरमालकाला सोयीची आहे आणि भाडेकरूला अवघड, ठरलेल्या वाटेच्या माणसाला सोयीची आहे आणि ज्याची वाट रोज बदलते त्याला अवघड. हे अंतर कमी करणे हा समाजाचा धर्म आहे. आपल्याकडे वाटसरूसाठी पाणपोई घालतात, तसे देवस्थानाच्या, ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या आवारात स्वतंत्र मीटरचे एक सॉकेट असावे. वापरणाऱ्याने पैसे द्यावेत, पण त्याला जागा मिळावी.

दुसरा प्रश्न हिंसेचा. धूर नाही म्हणून ही गाडी निष्पाप, असे विकणारे सांगतात आणि घेणाऱ्यालाही ते ऐकायला आवडते. अनर्थदंड नावाचे आणखी एक व्रत आहे. गरज नसताना घडवलेली हिंसा टाळणे, हा त्याचा अर्थ. त्यात समंतभद्रांनी पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वारा यांना विनाकारण राबवणे आणि उगाच हिंडणे एकत्र मोजले आहे. सांगली आणि सातारा या आमच्या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्याला ही यादी डोळ्यांसमोर दिसते.

पाण्याचे पाहा. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गावे गेली, आणि तिथल्या धरणग्रस्तांची पुनर्वसनाची मागणी पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत आली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे गेली. कोयनेची १,९६० मेगावॅट वीज मुख्यतः मागणी वाढते त्या वेळी वापरतात. त्यासाठी धरणाचे पाणी पश्चिमेला वाशिष्ठीच्या खोऱ्यात सोडावे लागते. कृष्णा लवादाने त्याला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. तिकडे गेलेले पाणी कृष्णेत येत नाही, आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना कृष्णेचेच पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांकडे नेतात. संध्याकाळी सात वाजता प्रत्येकाने गाडी चार्जिंगला लावली, तर त्याचा भार शेवटी कुठे पडतो, हे आटपाडीच्या शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही.

अग्नी म्हणजे कोळसा. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावर होते. अशा विजेच्या एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर लहान विजेच्या मोटारीचे शंभर किलोमीटर साधारण दहा किलोला पडतात. पेट्रोलच्या तशाच मोटारीचे बारा-तेरा किलोला. फरक आहे, पण त्याने सगळे फिटत नाही. स्कूटरचे गणित अधिक चांगले: पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास. घराच्या छपरावर सौर पॅनेल असेल आणि गाडी दुपारी भरली, तर हा आकडा खूप खाली येतो. वाऱ्याचे म्हणाल, तर चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर आणि ढालगावकडे पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्यासाठीही डोंगरावर रस्ते कापावे लागले. पृथ्वी म्हणजे खाणी. बॅटरीचे लिथियम आणि काही बॅटऱ्यांतला कोबाल्ट कुठल्या तरी दूरच्या जमिनीतून, कोणाच्या तरी हातांनी निघतो. गृहस्थाची एकही कृती हिंसेवाचून होत नाही, हे आमचे शास्त्र मान्य करते. म्हणूनच ते गरज किती, हे विचारते.

तिसरा प्रश्न चोरीचा, आणि तो आमच्या शेतकऱ्यांसाठी आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. मळ्यातल्या त्या कनेक्शनवर मोटार लावली, तर कोणी बघणार नाही. पण जे पिकाच्या पाण्यासाठी दिले, ते गाडीसाठी घेणे म्हणजे न दिलेले घेणे. अचौर्य व्रतात याला दुसरे नाव नाही. तारेवर आकडा टाकणारा आणि हे करणारा यांत फरक करू नये. गाडी घरच्या मीटरवरच भरावी.

आणि सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. दिग्व्रताच्या दोषांत क्षेत्रवृद्धी हा एक दोष सांगितला आहे: आखलेली सीमा हळूहळू वाढवत नेणे. विजेच्या गाडीत ही सवय सहज लागते. किलोमीटरला रुपया-दीड रुपया पडतो म्हटल्यावर माणूस भाजी आणायलाही मोटार काढतो, उगाच कासला चक्कर मारून येतो, एका गाडीच्या जागी दोन घेतो. मग पेट्रोल वाचते आणि पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा यांच्यावरचा भार मात्र पूर्वीइतकाच राहतो. स्वस्त झालेला प्रवास वाढू न देणे, हे या काळातले खरे दिग्व्रत आहे.

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी सांगतो: महिनाभर वहीत लिहा, कुठे गेलात, किती गेलात आणि कशासाठी. त्यातले विनाकारण गेलेले खोडा. उरलेल्या गरजेला स्कूटर पुरत असेल तर मोटार घेऊ नका. मोटार लागत असेल तर लहान घ्या. एसटी सोयीची असेल तिथे एसटीने जा. सौर असेल तर दुपारी भरा, नसेल तर रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर. घरी सॉकेट नसेल किंवा पोटासाठी रोज लांब धावावे लागत असेल, तर आणखी थांबा. त्यात कमीपणा काही नाही. आणि तुमच्या आवारात जागा असेल, तर शेजारच्या भाडेकरूसाठी मीटर लावून एक सॉकेट जरूर काढून द्या.