बेगड आणि मुलामा

दसऱ्याच्या संध्याकाळी छत्तीसगढातील दुर्ग-भिलाईच्या परिसरात, बोरसीसारख्या वस्त्यांतून, सोन्याचे दोन सोहळे लागोपाठ पार पडतात. आधी रावण जळतो. बांबू, कागद आणि फटाके यांच्या त्या पुतळ्याला दहा मुकुट असतात, आणि ते सोन्याच्या लंकेच्या राजाचे असल्यामुळे त्यांवर सोनेरी पन्नी चिकटवलेली असते. ज्वाळा भिडली की क्षणभर ती अधिकच झळाळते, मग काळी पडून आक्रसून जाते. त्यानंतर माणसे घरोघर जातात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात आणि त्यांच्या हातावर झाडाची पाने ठेवतात. या पानांना तेथे सोनपत्ती म्हणतात. एकाच संध्याकाळी एक खोटे सोने जाळले जाते आणि दुसरे मस्तकी लावले जाते, आणि या दोन कृत्यांत कोणालाही विसंगती जाणवत नाही.

मराठी भाषेला मात्र ही स्वस्थता लाभलेली नाही. चकाकणाऱ्या हलक्या पत्र्याला तिने ‘बेगड’ म्हटले आणि त्यापासून ‘बेगडी’ हे विशेषण घडवून ते माणसाच्या चारित्र्याला लावले. बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती, बेगडी वैराग्य: जेथे जेथे आत काही नाही आणि वर झगमगाट आहे, तेथे तेथे हा शब्द हजर होतो. मुळात बेगड म्हणजे कथलाचा अतिशय पातळ पत्रा, कधी साधा, कधी रंगवलेला. ताबुतांवर, मखरांवर, लाकडी खेळण्यांवर तो डकवीत. नवरदेवाच्या कपाळीचे बाशिंगही भेंडाचे, कागदाचे आणि बेगडाचेच असे. श्रीमंताच्या घरीही बाशिंग काही सोन्याचे घडवीत नसत. छत्तीसगढात छिंदाच्या, म्हणजे शिंदीच्या पानांचा मौर वराच्या डोक्यावर चढतो, त्याचीही जात हीच. दोन घराण्यांच्या जन्माचा व्यवहार ठरत असताना, जेव्हा दागिन्यांचा कस गुंजेगुंजेने पाहिला जातो, तेव्हाच वराच्या कपाळावर सर्वांत मानाच्या जागी बेगड बांधले जाते. ते खरे आहे काय, असा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. विचारलाच तर विचारणारा वेडा ठरेल.

इंग्रजीतील ‘टिन्सेल’ या शब्दाची कथा याच्या उलट दिशेने गेली. ठिणगी या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो आला आणि आरंभी त्याने सोन्यारुप्याच्या तारांनी विणलेले उंची वस्त्र दाखवले. पुढे स्वस्त धातू आले, नाटकी पोशाख आले, नाताळच्या झाडावरील झिरमिळ्या आल्या, आणि शब्द उतरत उतरत दिखाऊपणापाशी येऊन थांबला. तेथे खऱ्याचे नाव खोट्याला मिळाले. मराठीत तसे घडले नाही. बेगड पहिल्या दिवसापासून कथील होते आणि त्याने स्वतःला कथीलच म्हणवून घेतले. मग त्याच्या नावाने खोटेपणा का ओळखला जावा?

या अन्यायाचे मूळ दोन भिन्न वस्तूंच्या सरमिसळीत आहे. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला ‘मुलामा’ हा शब्द मराठीत बेगडाच्या शेजारी येऊन बसला, आणि त्याची पापे शेजाऱ्याच्या खात्यावर पडली. मुलाम्याचे काम आतल्या धातूला लपवण्याचे आहे. पितळेवर सोन्याचा थर चढवणारा पाहणाऱ्याच्या मनात एक निश्चित समजूत उत्पन्न करू इच्छितो, आणि ती समजूत चुकीची आहे हे त्याला ठाऊक असते. बेगडाला अशी महत्त्वाकांक्षाच नसते. ते इतके हलके, इतके चुरगळणारे, वाऱ्याने इतके फडफडणारे असते की सोन्याशी त्याची गल्लत आंधळाही करणार नाही. बोलीने ही बाब फार पूर्वी ओळखली आहे. ढोंग बाहेर आले की मराठी माणूस ‘पितळ उघडे पडले’ म्हणतो, ‘बेगड उघडे पडले’ असे म्हणत नाही. बेगडाच्या आत उघडे पडण्याजोगे काही नसते. विशेषण घडवताना जी भाषा चुकली, ती वाक्प्रचार घडवताना सावध होती.

भारतीय दर्शनांत भ्रमाची चर्चा करताना शिंपल्यावर दिसणाऱ्या रुप्याचा दृष्टांत पुनःपुन्हा येतो. दुरून चमक दिसते, चांदी म्हणून माणूस धावतो, जवळ गेल्यावर शिंपला हाती येतो. या दृष्टांतातील लक्षणीय गोष्ट अशी की तेथे फसगत आहे, पण फसवणारा नाही. शिंपल्याने चांदी असल्याचा दावा कधी केला नव्हता, धावणाऱ्याची हाव आणि अंधूक प्रकाश यांनी मिळून ते रुपे घडवले. शिंपल्याला अप्रामाणिक म्हणता येत नाही, आणि मुलामा चढवणाऱ्याला तसे म्हटल्यावाचून राहता येत नाही. बेगड या दोहोंच्या पलीकडे आहे. त्याच्यापाशी फसवणारा नाही आणि फसलेलाही नाही. जो पाहतो तो जाणून पाहतो आणि जाणूनच हरखतो.

पण खरे म्हणजे तरी काय, हा प्रश्न जरीच्या बाबतीत विचारला तर उत्तर सोपे राहत नाही. पैठणीच्या पदराला किंवा शालूच्या काठाला जी ‘खरी जर’ म्हणून मान मिळतो, तिच्या पोटी रेशमाचा धागा असतो, त्याभोवती चांदीची चपटी केलेली तार गुंडाळलेली असते आणि त्या तारेवर सोन्याचा अतिशय पातळ थर असतो. जुन्या पद्धतीत चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवून ती कांब बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढीत, आणि केसासारखी तार झाली तरी सोने तिच्या अंगावर टिकून राही. म्हणजे जिला खरी म्हणायचे तीही मुलाम्याचीच जात. नकली जरीत चांदीच्या जागी तांबे येते, आणि अलीकडच्या जरीत तांब्याच्या जागी धातूचा थर दिलेले प्लॅस्टिक. सुरत आणि येवले येथील जाणकार बोटांनी चाचपून हा फरक सांगतील, पण दारात उभ्या असलेल्या सुवासिनीचा पदर पाहणाऱ्याला तो सांगता येणार नाही.

आणि या खरेपणाची किंमत वस्त्राने मोजली आहे. जुने जरीचे कपडे विकत घेणारे व्यापारी गावोगाव हिंडत. विटलेला शालू, कसर लागलेली पैठणी ते वजनावर घेत आणि जाळीत, कारण राखेतून चांदी निघे. ज्या विणकराने महिनोन्महिने हातमागावर बसून मोर आणि कमळे विणली, त्याची कला त्या भट्टीत क्षणात संपली. तिच्या नाशाचे कारण तिचा धातू अस्सल होता, एवढेच. नकली जरीची लुगडी कोणी जाळली नाहीत. ती फाटेपर्यंत नेसली गेली, मग त्यांच्या गोधड्या झाल्या. उद्दालकाने श्वेतकेतूला शिकवले होते की सोन्याचा एक गोळा जाणला म्हणजे सोन्याचे सारे जिन्नस जाणले जातात, आकार हे केवळ नाव आहे. ब्रह्मविद्येत हा सिद्धांत निर्विवाद असेल. जरीच्या भट्टीपाशी तो थोडा निर्दय वाटतो. बेगडाचे सारे सत्य त्याच्या आकारात आणि झळाळीत आहे. ते वितळवून हाती काही येत नाही, म्हणून त्याला वितळवण्याचा मोह कोणालाही होत नाही.

याचा अर्थ आतला कस निरर्थक आहे असा मात्र होत नाही, आणि ही गोष्ट भिलाईइतकी अन्यत्र क्वचितच स्पष्ट होईल. या गावाची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये पेटली. भारतीय रेल्वेच्या रुळांचा फार मोठा भाग येथून गेला. रुळाच्या बाबतीत दिसण्याला कवडीचेही मोल नाही. त्याच्या पोटात सूक्ष्म चीर राहिली तर शेकडो जीव जातात, म्हणून धातूची परीक्षा होते, नोंद होते, आणि नापास माल परत भट्टीत जातो. अशा कारखान्यात पाळी संपवून आलेला कामगार संध्याकाळी मंडपात उभा राहून पन्नीच्या झिरमिळ्या कापतो. त्याला पोलाद कशाला म्हणतात हे शिकवण्याची गरज नाही, आणि म्हणूनच पन्नीने तो फसण्याचा संभव नाही. ज्या वस्तूवर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे तेथे आत आणि बाहेर एक असलेच पाहिजे. जेथे केवळ आनंद वाटून घ्यायचा आहे तेथे तशी मागणी करणे हा नीतीचा अतिरेक होईल. दोन्ही कामे करणारे हात एकच आहेत, ही गोष्ट बेगडाची टवाळी करणारे सहसा ध्यानात घेत नाहीत.

मराठी रंगभूमीने हा अतिरेक एकदा फार भव्य रीतीने करून पाहिला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी 1913 मध्ये सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. रंगमंचावर बेगड चालणार नाही, शालू खरे हवेत, अत्तरे उंची हवीत, असा त्यांचा बाणा होता. 1920 च्या ‘द्रौपदी’साठी झालेला खर्च तर आख्यायिका होऊन बसला. कंपनी कर्जात बुडाली आणि ते फेडण्यात त्या थोर नटाची उमेदीची वर्षे गेली. शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला खरी जर आणि खोटी जर यांतील भेद दिसत होता काय? बहुधा नाही. परंतु नटाला तो अंगावर जाणवत होता, आणि त्या जाणिवेचे काहीतरी गाण्यात उतरत होते, असे त्यांचे चाहते म्हणत आले. हा युक्तिवाद झटकून टाकता येणार नाही. तरीही एक उपरोध उरतोच: ज्या रंगभूमीवर पुरुष स्त्री झाला होता, आणि ज्या रूपावर सारा महाराष्ट्र जाणूनबुजून लुब्ध झाला होता, तेथे अस्सलपणाचा आग्रह धरला गेला तो लुगड्याच्या काठाबद्दल.

बेगडाची बाजू मांडताना एका अडचणीच्या जागेपाशी थांबावे लागते. गेली काही दशके ‘एक ग्रॅम सोन्याचे’ दागिने घरोघर पोचले आहेत. दुकानदार खोटे बोलत नाही, नावातच कबुली आहे. पण तोच हार लग्नमंडपात गळ्यात पडला की कबुली दुकानात राहते. घालणारीने काही सांगितले नाही, पाहणारीने काही विचारले नाही, आणि दोघींच्या मौनात एक मुलामा तयार झाला. येथे दोष कोणाचा? मोपासाँच्या ‘कंठहार’ या 1884 मधील कथेत उसना घेतलेला हार हरवतो, तो भरून देण्यासाठी एक जोडपे दहा वर्षे हाडे झिजवते, आणि अखेरीस कळते की तो खोट्या हिऱ्यांचा होता. वाचक बहुधा नायिकेच्या हौसेला दोष देऊन पुस्तक मिटतो. हार देणारीने देतानाच ‘हा खोटा आहे’ एवढे म्हटले असते तर दहा वर्षे वाचली असती, इकडे लक्ष कमी जाते. न बोलणेही एक थर चढवते. मंडपातील मौनाचा न्याय मात्र इतक्या सरळपणे करता येत नाही. चोराच्या भीतीने खरा हार बँकेत ठेवून नकली घालणारी आणि खरा कधीच नसलेली, या दोघी एकाच पंगतीला बसलेल्या असतात. ‘खरे आहे का ग?’ हा प्रश्न पहिलीला हसण्यावारी नेता येतो. दुसरीला तो सर्वांदेखत नागवे करतो. सत्याच्या नावाने विचारलेल्या अशा प्रश्नात सत्याची आस किती आणि दुसऱ्याची पायरी तपासण्याची घाई किती, याचा हिशेब कोणत्याही कसोटीच्या दगडावर लागत नाही. बेगडाचा तिरस्कार पुष्कळदा या दुसऱ्या घाईचेच सभ्य नाव असते.

छत्तीसगढात दसऱ्याला सोनपत्ती देण्याच्या प्रथेचे श्रेय बिंबाजी भोसले यांना दिले जाते. नागपूरकर पहिल्या रघूजींचे हे पुत्र 1758 पासून 1787 मधील मृत्यूपर्यंत रतनपूरहून या प्रदेशाचा कारभार पाहत होते. देशावरील आपट्याच्या पानांचा रिवाज त्यांच्याबरोबर पूर्वेकडे आला, असे मानतात. या प्रथेमागे कौत्साची कथा सांगितली जाते. गुरुदक्षिणेसाठी त्याला चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, कुबेराने रघूच्या कोशागारात सोन्याचा वर्षाव केला, आणि कौत्साने मागितल्याहून एक नाणेही अधिक घेतले नाही. लोकपरंपरेने त्या सोन्याचा पाऊस आपट्यावर पाडला आणि उरलेले सोने लोकांकडून लुटवले. ज्या कथेचा गाभा नको तितके न घेण्यात आहे, तिच्या स्मरणार्थ जे वाटायचे ते खरे सोने कसे असू शकेल? पान देणाऱ्याचे काही कमी होत नाही आणि घेणाऱ्यावर ऋण चढत नाही. गरिबाला ते श्रीमंताच्या हातावर ठेवता येते, आणि श्रीमंताला त्याच्यापुढे मान लववावी लागते.

भोसल्यांचे खरे सोने कोठे गेले हेही इतिहासात नमूद आहे. तिसरे रघूजी 1853 च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले, डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केले, आणि राजवाड्यातील जडजवाहीर, हत्तीघोड्यांसह, लिलावात निघाले. रतनपूरची गादी त्याआधीच इतिहासजमा झाली होती. पाने मात्र शिवनाथेच्या काठी अजून हातोहात फिरतात, आणि ती देणाऱ्यांपैकी बहुतेकांना बिंबाजींचे नावही ठाऊक नसते.

रावणाच्या मुकुटावरील पन्नीविषयी असे निर्धास्तपणे बोलता येत नाही. जुने बेगड कथलाचे होते, आताचे धातूचा थर दिलेल्या प्लॅस्टिकचे आहे. ते धड जळत नाही आणि कुजतही नाही. मैदानात, नाल्यात, पुढच्या पावसाळ्यात नदीत त्याचे तुकडे चमकत राहतात. जे बेगड क्षणापुरते होते म्हणून निरागस होते, ते आता सोन्यासारखे चिवट झाले आहे.

पानांचीही गोष्ट पूर्ण निष्पाप उरलेली नाही. आपट्याची झाडे विरळ झाली, आणि महाराष्ट्रातील शहरांच्या बाजारांत दसऱ्याच्या सकाळी आपटा म्हणून पुष्कळदा त्याच्या जातभाईची, कांचनाची पाने विकली जातात. पान अंमळ मोठे असते, पण घडण तशीच दुभंगलेली. खोट्या सोन्याच्या जागी आलेले हे खोटे पान, आणि त्याचे नाव मात्र कांचन. विकणारा ते आपटा म्हणून देतो, घेणारा ते सोने म्हणून वाटतो. यांतला मुलामा कोणता आणि बेगड कोणते, हे जुडी दहा-वीस रुपयांची असल्यामुळे कोणी विचारीत नाही.