रणभूमीवरील राहुटी

राहुटीच्या खुंट्या ठोकण्यास आम्ही आरंभ करणार, तोंच शेताचा धनी आमच्याजवळ आला आणि त्यानें आम्हांस एक अट घातली. पाणी कोठून आणावें, चूल कोठें मांडावी, गाईंच्या कुरणाचें फाटक कसें लावावें, या गोष्टी त्यानें हातवाऱ्यांनीं दाखविल्या होत्या. ही अट मात्र त्यानें शब्दांनीं आणि दोनदां सांगितली. खुंटी ठोकतांना किंवा मुलें खेळत असतांना जमिनींत कोठें लोखंड लागलें, तर त्यास हात लावूं नये, काम तेथेंच थांबवावें आणि त्याला हांक मारावी. माझ्या मुलानें ती अट मला मराठींत समजावून सांगितली, तेव्हां मीं ती प्रथम हंसण्यावारी नेली. परंतु शेताच्या कडेला, एका खांबाच्या बुंध्याशीं, मातीनें माखलेले दोन लांबट गोळे कोणीं तरी नीट मांडून ठेवलेले दिसले, आणि माझें हंसूं मावळलें.

हा प्रदेश फ्रान्सच्या अगदीं उत्तरेचा. माझा मुलगा नोकरीनिमित्त लील शहरांत राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टींत सहा दिवस उघड्यावर काढावे म्हणून आम्ही सारे तेथून जवळच असलेल्या नव्ह शापेल या गांवाच्या बाजूस आलों होतों. मुलूख सपाट व पाणथळ. गहूं, बटाटे आणि बीट यांचीं शेतें क्षितिजापर्यंत पसरलेलीं. १९१४ ते १९१८ या महायुद्धाची आघाडी याच शेतांतून गेली होती. त्या काळीं न फुटतां चिखलांत रुतून बसलेले तोफगोळे अजूनही दर वर्षीं नांगराबरोबर वर येतात. तेथील लोक त्यास ‘लोखंडाचें पीक’ म्हणतात. शेतकरी गोळा बांधावर नेऊन ठेवतो आणि सरकारी पथक येऊन तो घेऊन जातें. थोड्या अंतरावरील विमी येथें असे सांठविलेले गोळे धोक्याचे होऊं लागले, तेव्हां २००१ सालीं आसपासच्या बारा हजारांवर माणसांना कांहीं दिवस घरेंदारें सोडून जावें लागलें होतें. युद्ध संपून शंभरांवर वर्षें लोटलीं, पण हें पीक कांहीं संपलेलें नाहीं.

त्या रात्रीं अंथरुणें घातल्यावर माझ्या नऊ वर्षांच्या नातवानें अंधारांत विचारलें, “आजोबा, इथं खूप माणसं मेलीं ना? मग आपण इथं खेळायचं का?”

त्याच्या वडिलांनीं लगेच उत्तर दिलें, “अरे, माणूस मेला नाहीं अशी जागा पृथ्वीवर आहे कुठं? झोप आतां.” सूनबाई म्हणाली, “रात्रीच्या वेळीं असलं कांहीं बोलूं नये.” मी कांहींच बोललों नाहीं. आजोबांना झोप लागली, असें नातवाला वाटलें असावें. वस्तुतः मला उत्तर सुचत नव्हतें.

माझ्या मुलाचें उत्तर व्यवहारी होतें आणि तें खोटें होतें असेंही म्हणतां येणार नाहीं. पानिपतच्या ज्या भूमीवर १७६१ सालीं महाराष्ट्रांतील घरटीं माणूस पडलें असें आपण म्हणतों, त्या भूमीवर आज गहूं डोलतो आणि तो पिकविणारा शेतकरी सुखानें जेवतो. खडकीची लढाई १८१७ सालची. तिच्या रणांगणावर आज आगगाडी धांवते, बाजार भरतो, मुलें शाळेंत जातात. माझें सारें आयुष्य त्या खडकीपासून दोन कोसांच्या आंत गेलें. परंतु तेथून जातांना मीं कधीं पाऊल आवरलें, असें मला स्मरत नाहीं. प्रत्येक जागेनें आपापल्या मृतांसाठीं आपल्याकडून शोक मागावयाचा ठरविला, तर जिवंतांना बसावयास चटईएवढीही भूमि उरणार नाहीं.

तथापि या उत्तरांत एक उणीव आहे. जें सर्वच जागांविषयीं खरें असतें, तें कोणत्याही एका जागेविषयीं कांहींच सांगत नाहीं. पानिपतची माती आतां मुकी झाली आहे. ही माती अद्याप बोलते. येथें नांगर थांबतो. येथें रस्त्याचें वा घराच्या पायाचें खोदकाम करतांना अजून सैनिकांचे सांगाडे सांपडतात आणि त्यांना इतक्या वर्षांनीं मूठमाती दिली जाते. जो हिशेब मिटला आणि जो अजून मिटावयाचा आहे, त्या दोहोंस एकच न्याय लावतां येत नाहीं. म्हणून मुलाच्या प्रश्नास ‘सगळीकडे असेंच असतें’ हें उत्तर म्हणजे प्रश्नाला दिलेली बगल होय.

दुसऱ्या दिवशीं आम्ही गांवाजवळचें हिंदी सैनिकांचें स्मारक पाहण्यास गेलों. नव्या दिल्लींतील सचिवालयाच्या इमारती ज्यानें उभारल्या, त्याच हर्बर्ट बेकर या शिल्पज्ञानें याची रचना केली असून १९२७ सालीं त्याचें उद्घाटन झालें. वर्तुळाकार भिंत, जवळजवळ पंधरा मीटर उंचीचा, माथ्यावर कमळ असलेला स्तंभ आणि त्याच्या दोन्ही बाजूंस दगडी वाघ. स्तंभाखालीं कोरलेलीं देवनागरी अक्षरें नातवानें मोठ्यानें वाचलीं. परमुलखांतील शेतांत आपली लिपि भेटल्याचा त्याला कोण आनंद झाला! भिंतीवर ४,७०० हून अधिक नांवें आहेत. ज्यांचा देहही हातीं लागला नाहीं, कीं ज्यांना निश्चित असें थडगेंही लाभलें नाहीं, त्यांचीं हीं नांवें.

त्यांत आमच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्स पथकाचेही सैनिक आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं हें गांव परत घेण्यासाठीं जो हल्ला झाला, त्यांत या पथकाच्या विसाव्या व एकविसाव्या तुकड्या ४७ व्या शीख पलटणीच्या बरोबरीनें गांवांत शिरल्या. पूल बांधणें, खंदक खणणें हें ज्यांचें काम, त्यांना त्या दिवशीं संगिनी लावून पायदळाप्रमाणें पुढें जावें लागलें. घरोघरीं झुंज झाली. गांव हातीं आलें आणि पाठीमागून मदत न पोंचल्यामुळें त्याच दिवशीं सोडावेंही लागलें. पुढें १९१५ च्या मार्चमध्यें याच गांवासाठीं जी मोठी लढाई झाली, तींत चढाई करणाऱ्या सैन्यापैकीं निम्में हिंदी होतें. दरमहा अकरा रुपये पगारावर हे शिपाई सातासमुद्रांपलीकडे आले होते. कोणाचें कोणाशीं कां वैर आहे, हें त्यांना कोणीं विचारलें नव्हतें आणि बहुधा सांगितलेंही नव्हतें.

त्या भिंतीसमोर उभा असतांना माझ्या मनाची जी स्थिति झाली, ती सांगावयास मला संकोच वाटतो. माझे डोळे भरून यावेत म्हणून मी वाट पाहत होतों. ते आले नाहींत. तेव्हां मीं चेहरा गंभीर केला, हात जोडले, नातवाला उगी राहावयास खुणावलें. आणि क्षणभरानें माझ्या ध्यानांत आलें कीं, हें सारें मी करून दाखवीत आहें. ज्यांना मी ओळखत नाहीं, त्यांच्यासाठीं मी दुःख उसनें आणूं पाहत होतों. नकळत केलेल्या आनंदांत निदान निष्पापपणा तरी असतो. उसन्या शोकांत तोही नसतो.

त्याच रात्रीं पाऊस आला. राहुटीचें कापड गळूं लागलें, अंथरुणें भिजलीं, नातवाला हुडहुडी भरली. मध्यरात्रीं शेताच्या धन्यानें कंदील घेऊन येऊन आम्हांस आपल्या कोठारांत नेलें. सकाळीं ओले कपडे पिळतांना माझा मुलगा म्हणाला, “बाबा, त्या शिपायांना काय वाटलं असेल, तें काल रात्रीं थोडंसं कळलं.”

तो मनानें चांगला आहे आणि त्याचें हें बोलणें मनापासूनचें होतें. पण मला तें सोसलें नाहीं. मीं म्हटलें, “नाहीं रे, कांहीं कळलं नाहीं आपल्याला.” या भूमींत दोन-तीन फूट खणलें कीं पाणी लागतें, म्हणून येथें खोल खंदकही खणतां येत नसत, आणि वाळूचीं पोतीं रचून त्यांच्या आडोशास, गुडघा गुडघा गारठलेल्या पाण्यांत त्या लोकांनीं हिंवाळा काढला. जखम बरी झाली कीं पुन्हां त्याच पाण्यांत धाडीत. ‘बऱ्या झालेल्या जखमींना परत कां पाठवितात?’ ही तक्रार त्यांच्या पत्रांत वारंवार येते. टपाल तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनीं त्या पत्रांतील उतारे काढून ठेवले, म्हणून ते आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत शिल्लक आहेत. आमच्यापासून मात्र वीस पावलांवर मोटार उभी होती आणि तिची किल्ली माझ्या मुलाच्या खिशांत होती.

ती किल्ली हीच आमची सुट्टी होती. उघड्यावर राहण्यांत सुख कां वाटतें, याचा विचार केला तर असें दिसतें कीं, थंडी, ओल, डांस, अर्धवट शिजलेला भात यांत स्वतः गोडी अशी कांहींच नाहीं. हें सारें मी स्वीकारलें आहे आणि मनांत येईल त्या घटकेस तें संपवूं शकतों, या जाणिवेंत ती गोडी आहे. तीच राहुटी, तोच चिखल. परंतु सोडून जाण्याची मुभा असली कीं तो खेळ होतो आणि ती नसली कीं तो भोग होतो. या दोहोंमधील अंतर सहानुभूतीनें ओलांडतां येतें, असें समजणें हाच मृतांचा खरा अपमान आहे. त्यांच्या भूमीवर हंसल्यानें त्यांचा जितका अवमान होत असेल, त्याहून अधिक ‘तुमचें दुःख आम्हांला कळलें’ असें म्हटल्यानें होतो.

मग त्या अजाण मुलाच्या प्रश्नाला उत्तर काय? अज्ञानाचा आनंद नको, उसना शोकही नको. मग उरलें काय?

आपल्या पूर्वजांनीं या प्रश्नाचा विचार बारकाईनें केला होता, असें मला वाटतें. सुतकाची मर्यादा दहा दिवसांची. तितके दिवस शोक केलाच पाहिजे. पण त्यापुढें तो लांबविणें हेंही प्रशस्त मानलेलें नाहीं. शोक संपतो आणि श्राद्ध उरतें. श्राद्धाच्या दिवशीं काय असतें? खीर असते, वडे असतात, चार माणसें पंक्तीला असतात. मृताच्या नांवें घरांत गोडधोड शिजतें आणि आपण तें पोटभर जेवतों. फक्त पहिला घास आपला नसतो; तो कावळ्यासाठीं बाहेर ठेवावयाचा आणि मग पानावर बसावयाचें. ज्यांना पुत्र नाहीं, आप्त नाहींत, त्यांच्याही नांवें तर्पणांत ओंजळभर पाणी सोडण्याची सोय आहे. सुख वर्ज्य करा, असें शास्त्र सांगत नाहीं. सुखाला आरंभ करण्यापूर्वीं क्षणभर थांबा, एवढेंच तें सांगतें.

आणि मग मला दिसलें कीं, त्या फ्रेंच शेतकऱ्याची अट दुसरें काय होती? तो शोक करीत नाहीं. बीट पेरतो, गाई पाळतो, उन्हाळ्यांत कुरण भाड्यानें देतो. पण तो विसरलेलाही नाहीं. लोखंड लागलें कीं नांगर थांबवितो, गोळा बांधावर ठेवतो आणि पुन्हां तास धरतो. त्याचे पूर्वजही असेच वागले. याच मुलखांतील खाणकामगारांना व गिरणीकामगारांना जून १९३६ च्या कायद्यानें आयुष्यांत प्रथमच पगारी रजा मिळाली, दोन आठवड्यांची. त्या उन्हाळ्यांत स्वस्त तिकिटें काढून, सायकलींवर राहुट्या बांधून, माणसें समुद्राकडे लोटलीं. वीस वर्षांपूर्वीं खंदकांत सडलेलेही त्यांत असलेच पाहिजेत. शोकाचा अधिकार ज्यांना सर्वांहून अधिक, त्यांनीं आनंद नाकारला नाहीं. चार वर्षांनीं, १९४० सालीं, दुसरें युद्ध त्यांच्या दारांत आलें. म्हणून त्यांनीं केलेला तो आनंद व्यर्थ होता, असें म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं.

शेवटच्या दिवशीं ऊन पडलें. सूनबाईनें चुलीवर भात आणि पिठलें केलें. जेवावयास बसण्यापूर्वीं मीं पहिला घास कुंपणाच्या खांबावर ठेवला. नातवानें विचारलें, “हा कुणासाठीं, आजोबा?” मीं म्हटलें, “इथं राहिले त्यांच्यासाठीं.” त्या भिंतीवर मुसलमान आहेत, शीख आहेत, त्यांचे धर्म निराळे. माझा घास त्यांना पोंचेल, असा माझा दावा नाहीं. तो मलाच पोंचावयाचा होता.

कांहीं वेळानें एक काळा पक्षी येऊन घास घेऊन गेला. तो आपला कावळा होता कीं त्याचा तिकडचा कोणी भाऊबंद, हें मला सांगतां येणार नाहीं. नातवानें तो जाईपर्यंत वाट पाहिली, मग जेवला, आणि जेवण होतांच चेंडू घेऊन कुरणांत धांवला. मीं त्याला हांक मारली नाहीं.