सदतीस सेकंदांच्या अलीकडे

अहमदपूर तालुक्यातल्या एका गावची तालीम. पत्र्याचं छप्पर, भिंतीत शेंदूर फासलेला मारुती, त्याच्या शेजारी हरिश्चंद्र बिराजदारांचा फोटो. बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तम-ए-हिंद. तालमीत नवं पोरगं आलं की आधी मारुतीच्या पाया पडतं, मग फोटोच्या, मग वस्तादांच्या.

या गोष्टीतल्या पोराला गाव नुसतं ‘पैलवान’ म्हणायचं. आपणही तेच म्हणू. घरची पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. एक म्हैस होती ती त्याच्या नावची. तिचं दूध घरात कुणाच्या चहालाही मिळायचं नाही. पाव्हणे आले तर शेजारून कपभर मागून आणायचं. बापानं बोअर मारायचं लांबवलं, थोरल्या भावानं लग्न लांबवलं, बदाम मात्र लातूरहून वेळेवर येत राहिले. पोरगं खाल्ल्या खुराकाला जागत होतं. त्याची ढाक बसली की बघणाऱ्याला पुन्हा बघायची गरज पडायची नाही. स्वप्न एकच होतं, माळेगावला मोठ्या इनामाची कुस्ती मारायची. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवांचा बाजार, वाघ्या-मुरळी, लावणीचे फड, आणि कुस्त्यांची दंगल. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या गावांत पैलवान किती मोठा झाला, ते माळेगावात ठरतं.

२०२४ च्या नागपंचमीला सरावात तो मानेवर आला आणि डाव्या खांद्यापासून अंगठ्यापर्यंत करंट गेला. त्यानं हात दोनदा झटकला, पंजाला माती चोळली आणि परत जोडीदाराच्या मानेवर हात टाकला. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी परत तेच. मग दर आठवड्याला. तिळाचं तेल झालं, मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्या झाल्या. सांगितलं कुणालाच नाही. ‘दुखतंय’ म्हणणारा पैलवान कामातून गेला, असं तालमीत कुणी शिकवत नाही, पण सगळे शिकतात.

दिवाळीच्या आधी एका जत्रेत त्यानं ढाक लावली आणि समोरच्याचं सगळं वजन त्याच्यावरच आलं. तो टाळूवर पडला, हनुवटी छातीत रुतली. दोन्ही हात जागेवर होते, पण ते आपले आहेत असं त्याला वाटेना. पुढं जे झालं ते आपल्याकडं नेहमी होतं. चौघांनी हातापायाला धरून उचललं आणि एका जाणत्यानं ‘मान मोकळी करायला’ डोकं धरून हिसका दिला. मानेवर पडलेल्या माणसाला हलवायचं नसतं. डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून, सपाट फळीवर, मान न वळवता न्यायचं असतं. आपल्या आखाड्यांवर हलगी असते, फेटे असतात, पुढाऱ्यांसाठी सोफा असतो. फळी नसते. या पोराचं नशीब म्हणून तो हिसका पचला.

नांदेडला एमआरआय झाला. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली चकती सरकून मज्जारज्जूवर आली होती. गळ्याच्या पुढून चीर देऊन डॉक्टरांनी चकती काढली, दोन मणके पट्टी-स्क्रूनं जोडून टाकले. हातात ताकद परत आली. शेवटी डॉक्टर म्हणाले, “शेती कर, संसार कर. कुस्ती मात्र नाही. पुढच्या वेळी असा पडलास तर उठणार नाहीस.”

गळ्याला पट्टा लावून तो घरी आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीचं दूध पहिल्यांदा डेअरीला गेलं. कुणी काही ठरवलं नव्हतं. भावानं किटली सायकलला अडकवली, एवढंच. मायनं एक तांब्या काढून ठेवला होता, तो पैलवानानं हातानं सारला. पैलवान लोकांना भूक मात्र लगेच सोडत नाही. तो पहिल्यासारखाच जेवत राहिला, अंग सुटायला लागलं, आणि भाकरी मागताना त्याला मायकडं बघता येईना.

भेटायला येणारा जो तो खिशात मुरलीकांत पेटकर घेऊन यायचा. त्याच वर्षी जूनमध्ये पेटकरांवरचा ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा लागला होता, त्याचे तुकडे प्रत्येकाच्या मोबाईलवर होते. “हे बघ, गोळ्या लागल्या तरी गडी सोनं घेऊन आला. तुला तर हातपाय हायेत.” कुणी नांदेडची भाग्यश्री जाधव दाखवायचं. मुखेड तालुक्यातल्या होनवडजची ही बाई. ऑगस्टमध्ये पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर देशाचा झेंडा तिच्या हातात होता. व्हीलचेअरवरची, हसणारी भाग्यश्री सगळ्या जिल्ह्यानं स्टेटसला लावली होती. पैलवान बघायचा, मान हलवता येत नव्हती म्हणून तोंडानं ‘हं’ म्हणायचा, आणि पाव्हणा गेला की भिंतीकडं तोंड करून पडायचा. दुखऱ्या माणसाच्या उशाशी दुसऱ्याचं सुवर्णपदक नेऊन ठेवायची आपल्याला फार घाई असते. त्यात त्याची काळजी थोडी आणि आपली सुटका जास्त.

वस्ताद आले नव्हते. ते आले संक्रांतीच्या सुमारास, २०२५ च्या जानेवारीत. हातात घडी घातलेला पेपर. पेटकरांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्याची बातमी त्यात होती. बाजेवर फोटो दिसताच पोरगं भडकलं. “तुमी बी तेच आणलं का वस्ताद?”

“वाचून दाखव. चष्मा इसरलाय.”

पोरानं नाइलाजानं वाचलं. वस्तादांना बरंच पाठ होतं, ते मधेमधे भर घालत होते. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. लहानपणी मातीतली कुस्ती, मग फौज, आणि फौजेत बॉक्सिंग. १९६५ च्या युद्धात सियालकोटच्या बाजूला गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. मुंबईच्या नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात पडून असताना पाण्यात उतरवलं ते व्यायाम म्हणून. पदकाचा तिथं कुणाला पत्ता नव्हता. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला गेले, टेबल टेनिस खेळायला, आणि हात हलवत परतले. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात सोनं, वेळ ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम. पद्मश्री मिळाली २०१८ ला. अर्जुन आत्ता.

“बहात्तरातून पासष्ट गेले?” वस्तादांनी विचारलं.

“सात.”

“लोकं सदतीस सेकंदं सांगत्यात. ही सात वर्सं कुणी सांगत न्हाई. अन् दुसरं. पेटकरला बॉक्सिंग परत भेटलं का?”

पोरगं गप्प.

“न्हाई भेटलं. पोहणं भेटलं. पोहणं म्हंजे बॉक्सिंग न्हवं, येड्या. ती भाग्यश्री टोकियोला सातवी आली, पॅरिसला पाचवी. पदक न्हाई दोन्हीकडं. तरी आदल्या दोन वर्सांत आशियाईला अन् जागतिकला चांदी हाय तिच्याकडं. पण पाय आले का चांदीनं? तुझी कुस्ती मेली. मेलेल्याचं सुतक धरावं लागतंय. किती दिवस, ते तुझं तू बघ. लोकं तुला सुतकातच हळद लावायलेत.”

ऑपरेशननंतर पोरगं पहिल्यांदा रडलं. वस्तादांनी पाठीवर हात ठेवला नाही, पाणी दिलं नाही. बाजेच्या कडेला बसून राहिले. चहा झाल्यावर उठता उठता मात्र म्हणाले, “एक सांग. हाताला कवापासून हुतं?”

“कशाचं काय...”

“खोटं बोलू नको.”

“पंचमीपासून.”

वस्ताद परत खाली बसले. “मी बघितलं हुतं. तू हात झटकायलास ते. मला वाटलं, माती झटकायलास. चाळीस वर्सं तालीम बघायलाव, डाव बघितले, पाय बघितले. हात कसा झटकत्यात ते बघितलं न्हाई.” मग जरा वेळानं, “पट्टा निघाला की ये. आखाड्यात न्हाई. बाहीरल्या कट्ट्यावर बसायचं. डाव बघायचे न्हाईत तू. हात बघायचे.”

पोरगं लगेच गेलं नाही. सुतक त्यानं पुरतं धरलं, उन्हाळा संपेपर्यंत. एका पहाटे झोप लागेना म्हणून उठलं आणि पाय सवयीनं तालमीकडं वळले. कट्ट्यावर बसणं सोपं नव्हतं. ताक-हळद-तेल घातलेल्या मातीचा वास नाकात गेला की दंड आपोआप फुरफुरायचे. त्याची ढाक दुसरंच कुणी मारत होतं, तीही चुकीची. ओरडून सांगावंसं वाटायचं. वस्तादांनी सांगितलं होतं, हात बघ. म्हणून तो हात बघायचा. हळूहळू कळायला लागलं. माती झटकणारा दोन्ही हात झटकतो आणि लगेच विसरतो. करंट बसलेला एकच हात झटकतो, मूठ उघडतो-मिटतो, अंगठा बोटांवर घासून बघतो, आणि इकडंतिकडं पाहतो, कुणी बघितलं का. फेरतपासणीला नांदेडला गेल्यावर त्यानं डॉक्टरांना खोदखोदून विचारलं. कुठलं बोट बधिर झालं तर कुठला मणका, मान मागं घेतल्यावर दुखलं तर काय, किती दिवस थांबायचं. पावसाळ्यात दोघा पोरांना त्यानं पंधरा-पंधरा दिवस बसवलं. तालमीत कुरकुर झाली, पण वस्तादांपुढं कुणी बोललं नाही.

मग माळेगाव. पैलवान गेला तो तालमीच्या पोरांबरोबर, टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला. तालमीतलं सगळ्यात तयारीचं पोरगं दहावीतलं होतं, गावानं त्याच्यावर डोळे लावलेले. जोड चांगली लागली, हलगी-घुमकं सुरू झालं. पोरानं पट काढला, समोरच्यानं वरून दाबलं, आणि पोराची मान क्षणभर खाली वाकडी अडकली. पण गडी निसटला, उलट मागं गेला, कब्जा घेतला. ओरडा झाला. आता मोळी बांधली की चितपट, हे आंधळ्यालाही दिसत होतं. कुस्ती काठावर गेली म्हणून पंचांनी दोघांना मधोमध आणून उभं केलं. तेवढ्यात पोरानं डावा हात झटकला. मूठ उघडली, मिटली. अंगठा बोटांवर घासला. आणि काठावर बसलेल्या पैलवानाकडं पाहिलं.

पैलवान उठला तो थेट मातीत शिरला. पायात चप्पल तशीच. चप्पल घालून आखाड्यात पाऊल टाकणं म्हणजे काय, हे इकडच्या लोकांना सांगायला नको. चहूकडून शिव्या सुरू झाल्या, कुणीतरी रिकामी बाटली मारली. त्यानं पोराचा हात धरला.

“करंट का मुंग्या?”

“काय न्हाई दादा. सोडा.”

“पंचमीला मी बी हेच मनलं हुतं. करंट का मुंग्या?”

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. “करंट.”

पंचांना त्यानं सांगितलं, गडी उतरत नाही. समोरच्याचा हात वर झाला, इनाम तिकडं गेलं. पोराचा बाप गर्दीतून आला आणि त्यानं पैलवानाची गचांडी धरली. जोडलेल्या मणक्यांच्या माणसाची गचांडी धरू नये, हे त्या बापाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. वस्ताद मधे पडले. बाप लांबूनच ओरडत राहिला, “सोताची गेली म्हून दुसऱ्याच्या लेकराची घालवलास! बघवंना का तुला?”

रात्री ट्रॅक्टरमधून परत येताना कुणी कुणाशी बोललं नाही. पोराला त्याच्या बापानं चुलत्याबरोबर नांदेडला पाठवलं होतं, खर्चाच्या नावानं बोटं मोडत. गाव आलं, पोरं उतरून पांगली, वस्ताद आणि पैलवान तालमीच्या कट्ट्यावर बसले.

“वस्ताद, एक इचारू?”

“हं.”

“त्याचा बाप मनला ते... मोळी बसणारच हुती. मला दिसत हुतं. अन् मी उठलो तवा, आत कुठं तरी बरं वाटलं मला. थोडं. खोटं कशाला बोलू.”

वस्तादांनी तंबाखू मळायची थांबवली नाही. “वाटलं असंल.”

“मग?”

“मग काय? करंट खरा हुता का न्हाई?”

“खरा हुता.”

“मग झालं तर. तुझं मन निवळंस्तोवर त्या पोराची मान थांबणार हुती का?” त्यांनी चिमूट तोंडात टाकली. “मानेचा फोटो कवा काढणारेत?”

“सकाळी. नऊला नंबर हाय.”

“त्याच्या चुलत्याला काय इचारायचं ते कळणार न्हाई. पहिली गाडी धर. तुझे जुने कागद बी घेऊन जा सोबत. अन् बाप बोलंल तिथं, तर बोलू दे.”