आडवा आलेला वायू

आकाशगंगेच्या केंद्रात, सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर, 40 लाख सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे: सॅजिटेरियस ए-स्टार. त्याच दिशेला काही प्रकाशवर्षे पसरलेला तापलेला, विद्युतभारित वायू दिसतो, त्याला सॅजिटेरियस ए-वेस्ट म्हणतात. दोघांपैकी पुढे कोण आणि मागे कोण, हे नुसत्या चित्रावरून कळत नाही. आकाशाला खोली दिसत नाही, ही खगोलशास्त्राची जुनी अडचण.

इथे वायूची खोडच कामी येते. रेडिओ लहर जितकी लांब, तितकी तो ती अधिक गिळतो. सेंटिमीटरभर लहरीला तो काचेसारखा, अर्ध्या मीटरच्या लहरीला मात्र दाट धुक्यासारखा. पारदर्शकता हा एकट्या पदार्थाचा गुण नव्हेच. पाहणारी लहर कोणती, हेही विचारावे लागते.

भारतीय खगोलशास्त्राला ही अर्ध्या मीटरची लहर नवी नाही. ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणला 1965 साली रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या 32 छोट्या तबकड्या मांडल्या आणि 610 मेगाहर्ट्झवर, म्हणजे याच लहरीवर, सूर्य पाहिला. त्या लहरीत सूर्याचा नेहमीचा पृष्ठभाग दिसतच नाही. वरचा विद्युतभारित वायू त्याला झाकतो आणि स्वतःच उजळतो. या वायूचे, म्हणजे सूर्याच्या किरीटाचे, तापमान दहा लाख अंशांच्या घरात.

पुढे स्वरूप यांच्याच पुढाकाराने नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्याही भरीव नव्हेत, बारीक तारेच्या जाळीच्या. जाळीतून पलीकडचे आभाळ दिसते, वाराही निघून जातो, पण अर्ध्या मीटरच्या लहरीला ती भोके जाणवतसुद्धा नाहीत.

खगोलशास्त्रज्ञ सुभाशिष रॉय आणि प्रमेश राव यांनी या दुर्बिणीने आकाशगंगेच्या केंद्राचा वेध घेतला. निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. 620 मेगाहर्ट्झला ए-वेस्टचा बहुतेक भाग इतका दाट आढळला, की मागून येणाऱ्या लहरींचा जेमतेम सातवा हिस्सा पार व्हावा. ए-स्टार मात्र तिथेच सुमारे अर्धा जान्स्की (रेडिओ तेजाचे एकक) तेजाने दिसला. एक गिगाहर्ट्झच्या खाली त्याचे हे पहिले खात्रीचे दर्शन. त्याचे तेज एकाएकी कोसळले नव्हते. वरच्या वारंवारतांवरच्या उतारानेच ते किंचित घटले होते. तो वायूच्या मागे असता तर असे झाले नसते. म्हणजे आपल्याकडून पाहता कृष्णविवर पुढे आणि ए-वेस्टचा पसारा त्याच्यामागे.