नादारीचा अर्ज आणि आपला जिम्मा



कर्ज डोईजड झाले की माणूस प्रथम तोंड लपवू लागतो. ज्याच्याकडून हातउसने घेतले, तो जुम्याला भेटेल या धास्तीने तो दुसऱ्या मोहल्ल्यातील मशीद गाठतो. पत्नीचे दागिने गहाण पडतात. एक देणे फेडण्यासाठी मोबाईलवरून दुसरे कर्ज, तेही व्याजाचे, घेतले जाते. मग कोणी कानात सांगतो, ‘नादारीचा अर्ज कर, सुटशील.’ खरोखर सुटतो काय?

मदीनेच्या मशिदीत हजरत कअब बिन मालिक (रजि.) हे इब्न अबी हदरद (रजि.) यांच्याकडे आपले येणे मागत होते. आवाज इतके चढले की प्रेषितांनी (स.) हुजऱ्याचा पडदा सारला आणि कअब यांना खुणेने सांगितले की, अर्धे सोडून द्या. त्यांनी ते तत्काळ मान्य केले. लगेच ऋणकोलाही आज्ञा झाली की, ऊठ आणि उरलेले चुकते कर. सवलत आणि परतफेड एकाच वेळी ठरली, कारण दोघेही समोरासमोर होते. आज बँकेशी एकरकमी तडजोड होते, लोकअदालतीत समझोता होतो, तोही समोर जाणाऱ्याचाच.

सहीह मुस्लिममध्ये दुसरा प्रसंग आहे. विकत घेतलेल्या फळांत नुकसान होऊन एक गृहस्थ कर्जात बुडाले. प्रेषितांनी (स.) लोकांना त्यांच्यासाठी सदका देण्यास सांगितले. तो पुरला नाही, तेव्हा धनकोंना आज्ञा झाली की, जे हाती लागेल ते घ्या, त्यापलीकडे तुम्हाला काही नाही. बहुसंख्य फकीहांच्या मते यामुळे तूर्त तगादा थांबला. बाकी देणे जिम्म्यावर राहिले, ऐपत येताच फेडावयाचे.

आपल्याकडे सामान्य व्यक्तीसाठी मुंबईत १९०९ चा आणि राज्यात इतरत्र १९२० चा नादारी कायदाच चालतो. न्यायालय मालमत्ता ताब्यात घेऊन धनकोंत वाटते आणि पुढे मुक्ततेचा आदेश देऊ शकते. जो खरोखर हतबल आहे, त्याने हा मार्ग धरण्यात लाज नाही. पण त्या आदेशाने बंद होते ते न्यायालयाचे दार. धनकोने स्वतः माफ केले नाही, तोवर अल्लाहजवळचा हिशेब खुला आहे. आणि अर्जापूर्वी घर मेहुण्याच्या नावे बक्षीस करणाऱ्याबद्दल काय बोलावे! तसली बक्षिसे न्यायालयही रद्द करू शकते.

धनकोंनो, अडचणीतील ऋणकोला सवड देण्याचा आदेश सूरह बकरामध्ये तुम्हालाच उद्देशून आहे. जकातीच्या आठ वाट्यांत कर्जात बुडालेल्यांचा वाटा सूरह तौबाने ठरवून दिला आहे. मशिदीच्या विश्वस्तांनी रमजानची वाट न पाहता तो पोहोचवावा.

आणि कर्जदार बंधूंनो, आज इशानंतर पत्नीला जवळ बसवा, कागद घ्या, कोणाचे किती ते लिहा. ज्याला टाळण्यासाठी मशीद बदलली, त्याचे नाव सर्वांत वर असू द्या, आणि येत्या जुम्याला त्याच्या शेजारच्या सफमध्ये उभे राहा.