रानपिंगळ्याचा घास



प्रभू येशू आपल्याला पाखरांकडे पाहायला सांगतो (मत्तय 6:26). आपण बडनेऱ्याची माणसे, मेळघाट काही आपल्याला परका नाही. तिथला रानपिंगळा! 1884 नंतर या घुबडाची खात्रीची नोंदच नव्हती; 1997 साली शहाद्याजवळ ते पुन्हा दिसले, पुढे मेळघाटातही. अभ्यासक त्याच्या हाकेवरून माग काढतात. हे दिवसाढवळ्या शिकार करते, पाली-सरडे टिपते. मादी अंड्यांवर बसली की नर तिला भक्ष्य आणून देतो.

आपण 113 वर्षे पाहिले नाही, तरी स्वर्गीय पिता त्याला खाऊ घालतच होता. मग त्याच मेळघाटात कोरकू बाळे कुपोषणाने अजून का दगावतात? प्रभू तर आपल्याला पाखरांहून मोलाचे मानतो. मादीचा घास नर आणतो. त्या बाळांचा घास पित्याने कुणाच्या हाती दिला आहे?